सेटयूआयडी, सेटजीआयडी आणि स्टिकी बिट म्हणजे काय?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘एलएस -एल’ दिलं की प्रत्येक फाइलपुढे आर, डब्ल्यू, एक्स ही अक्षरं दिसतात. वाचणं, लिहिणं आणि चालवणं या त्या परवानग्या. मालक, ग्रुप आणि बाकीचे अशा तिघांसाठी त्या वेगवेगळ्या असतात. पण कधी कधी एक्सच्या जागी एस किंवा टी दिसतो. हेच स्पेशल परमिशन बिट्स.

सेटयूआयडी (४०००)

एरवी प्रोग्रॅम जो चालवतो, त्याच्याच अधिकाराने चालतो. आता पासवर्ड बदलायचं उदाहरण घ्या. पासवर्डचे हॅश ‘/ईटीसी/शॅडो’ या फाइलमध्ये असतात आणि तिथे फक्त रूटच लिहू शकतो. मग साध्या युजरने पासवर्ड बदलायचा कसा? यासाठी ‘पासडब्ल्यूडी’ या प्रोग्रॅमचा मालक रूट असतो आणि त्याला सेटयूआयडी बिट लावलेला असतो. त्यामुळे कोणीही चालवला तरी तो रूटच्या अधिकाराने चालतो. बँकेत आपण तिजोरीला हात लावत नाही, कॅशियर आपल्यासाठी ठरलेलं तेवढंच काम करतो, तसं.

ही कल्पना युनिक्स घडवणाऱ्या डेनिस रिची यांची. तिच्यासाठी १९७३ मध्ये पेटंटचा अर्ज झाला आणि १९७९ मध्ये पेटंट मिळालं.

सेटजीआयडी (२०००)

प्रोग्रॅमवर असेल तर तो फाइलच्या ग्रुपच्या अधिकाराने चालतो. फोल्डरवर असेल तर आत तयार होणाऱ्या नव्या फाइलला फोल्डरचाच ग्रुप मिळतो. टीमच्या सामायिक फोल्डरसाठी हे फार सोयीचं.

स्टिकी बिट (१०००)

‘/टीएमपी’ फोल्डरमध्ये सगळेच लिहू शकतात. मग एकाने दुसऱ्याची फाइल उडवली तर? स्टिकी बिट असेल तर फाइलचा मालक, फोल्डरचा मालक किंवा रूट यांनाच ती डिलीट करता येते किंवा तिचं नाव बदलता येतं. म्हणून ‘/टीएमपी’ची परवानगी १७७७ असते. जुन्या युनिक्समध्ये हा बिट प्रोग्रॅमला स्वॅपमध्ये ‘चिकटवून’ ठेवायचा, त्यावरून हे नाव पडलं.

बिट कसा लावायचा?

नेहमीच्या तीन आकड्यांच्या आधी चौथा आकडा लिहायचा, उदाहरणार्थ ‘सीएचमॉड ४७५५’. एस किंवा टी कॅपिटल दिसला तर बिट आहे, पण त्या जागेची चालवायची परवानगी नाही, असं समजा.

धोका कुठे आहे?

रूटच्या मालकीच्या सेटयूआयडी प्रोग्रॅममध्ये बग निघाला, की साधा युजर थेट रूट होऊ शकतो. जानेवारी २०२२ मध्ये ‘पीकेएक्झेक’ या प्रोग्रॅममधला असाच एक बग जाहीर झाला. पॉनकिट नावाने ओळखला जाणारा हा बग २००९ पासून कोडमध्ये पडून होता! म्हणून इंटरनेटवर वाचून कुठल्याही फाइलला ४७५५ देऊ नका.

आणि तुमचा फोन?

अँड्रॉइडच्या मुळाशीही लिनक्स कर्नलच आहे. पण २०१३ च्या अँड्रॉइड ४.३ मध्ये गूगलने सिस्टिममधले सेटयूआयडी प्रोग्रॅम काढून टाकले आणि अ‍ॅप्सना असे प्रोग्रॅम चालवता येणार नाहीत अशी सोय केली. फोन रूट करताना बसवलं जाणारं ‘एसयू’ हेच दार वेगळ्या मार्गाने पुन्हा उघडतं. त्यामुळे रूटची परवानगी मागणाऱ्या अ‍ॅपला ‘अलाऊ’ म्हणण्याआधी, त्याला ती नेमकी कशासाठी हवी आहे ते बघा.