भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन

भ्रष्टाचारविरोधी जन आंदोलन : शासनाचा कारभार लोकांना पाहता व तपासता यावा, यासाठी महाराष्ट्रात उभी राहिलेली लोकचळवळ. स्थापना १९९१. केंद्र राळेगणसिद्धी (ता. पारनेर, जि. अहमदनगर, आताचा अहिल्यानगर). प्रवर्तक अण्णा हजारे. जिल्हा व तालुका समित्यांमार्फत काम.

चळवळीचे सर्वांत टिकाऊ कार्य माहिती अधिकाराचे. तमिळनाडू व गोवा यांनी १९९७ मध्ये असे कायदे केले. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनावण्यांतून हीच मागणी गावपातळीवर नेली होती. महाराष्ट्राचा २००० चा कायदा अपवादांनी इतका भरलेला होता की अर्जदाराच्या हाती फारसे काही लागत नसे. सततच्या आंदोलनानंतर सप्टेंबर २००२ मध्ये नवा अध्यादेश निघाला. त्याच्या जागी येणाऱ्या कायद्यास मंजुरी मिळण्यास विलंब झाला, तेव्हा हजारे यांनी ९ ऑगस्ट २००३ रोजी मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण सुरू केले. त्याच सुमारास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि कायदा २३ सप्टेंबर २००२ पासून अमलात आल्याचे मानले गेले. त्यात माहिती देण्याची मुदत कामाचे १५ दिवस होती, विलंबास दररोज २५० रुपये दंड होता आणि दुसरे अपील लोकायुक्तांकडे जात असे. १२ ऑक्टोबर २००५ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने त्याची जागा घेतली. केंद्रीय कायद्यातील मुदत ३० दिवसांची आहे. या एका बाबतीत राज्याचा कायदा अधिक कडक होता, हे नोंदवले पाहिजे. फायलींवरील अधिकाऱ्यांचे शेरे कायद्याच्या कक्षेबाहेर काढण्याचा प्रस्ताव २००६ मध्ये आला, तेव्हा हजारे यांनी आळंदी येथे उपोषण केले. दुरुस्ती पुढे सरकली नाही.

शासकीय बदल्यांचे नियमन आणि दप्तरदिरंगाईस प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा (२००५), ग्रामसभेचे अधिकार व लोकायुक्त हे चळवळीचे इतर विषय. मंत्र्यांवरील आरोपांच्या चौकशीसाठी नेमलेल्या न्या. पी. बी. सावंत आयोगाने २००५ मध्ये अहवाल दिला. त्यात हजारे यांच्याशी संबंधित संस्थांच्या कारभारावरही ताशेरे आहेत. निष्कर्षांबाबत मतभेद आहेत.

दिल्लीतील २०११ चे जनलोकपाल आंदोलन हा निराळा विषय होय.

नेवासा व सहकार : माहिती अधिकाराची मर्यादा याच जिल्ह्यातील नेवासा तालुक्यात दिसते. तेथे सत्तेचे मोठे केंद्र साखर कारखाना आहे. सोनईचा मुळा आणि भेंड्याचा ज्ञानेश्वर हे दोन्ही सहकारी कारखाने याच तालुक्यातले. उसाचा भाव, तोडणीचा क्रम आणि गावोगावच्या राजकारणाची सूत्रे यांचा संबंध कारखान्याच्या संचालक मंडळाशी येतो. तरीही माहिती अधिकाराचा अर्ज अशा संस्थेला थेट करता येतोच असे नाही. शासनाचे भरीव अर्थसाहाय्य किंवा नियंत्रण नसल्यास सहकारी संस्था सार्वजनिक प्राधिकरण ठरत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने थलप्पलम प्रकरणात ७ ऑक्टोबर २०१३ रोजी दिला. सहकारी संस्थांच्या निबंधकाला कायद्याने जी माहिती संस्थेकडून मिळवता येते, ती मात्र त्याच्याकडे मागता येते. ही वाट निकालाने उघडी ठेवली आहे. सभासदाला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ खालीही ठराविक कागदपत्रे पाहण्याचा हक्क आहे. प्रस्तुत विषयात या कलमाला मिळते त्याहून कितीतरी अधिक महत्त्व द्यायला हवे.

९७ व्या घटनादुरुस्तीनंतर सहकारी संस्थांच्या निवडणुका राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरणाकडे आल्या. त्याच सुमारास सभासदांचे क्रियाशील व अक्रियाशील असे वर्ग पडले. त्या तरतुदीनुसार अक्रियाशील ठरलेल्यास मत देता येत नसे. त्यामुळे प्रारूप मतदार यादीवर हरकती घेण्याचे मोजके दिवस मतदानाच्या दिवसाइतकेच निर्णायक असत.

गावपातळीवरील निवडणुका : ग्रामपंचायतींच्या निवडणुका घेणाऱ्या राज्य निवडणूक आयोगाची स्थापना १९९४. उमेदवारांनी गुन्हे व मालमत्ता जाहीर करण्याचे बंधन असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स या संस्थेच्या याचिकेवरील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातून (२००२) आले. बिनविरोध निवडणुकीचे गोडवे अहिल्यानगर जिल्ह्यात पुष्कळ गायले जातात. याच जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे तीन दशकांनी जानेवारी २०२१ मध्ये मतदान झाले. त्याच महिन्यात उमराणे (जि. नाशिक) व खोंडामळी (जि. नंदुरबार) येथील निवडणुका पदांच्या लिलावामुळे आयोगाने रद्द केल्या.