कुरळा बोका, पांढरा वाघ

छत्रपती संभाजीनगरच्या सिद्धार्थ उद्यानात पांढऱ्या वाघापुढे पोरं हमखास रेंगाळतात. हा रंग पैदाशीत आला तो रीव्याच्या जंगलातून. १९५१ साली महाराजा मार्तंडसिंह यांनी ‘मोहन’ हा पांढरा बछडा पकडला. बेगम या पिवळ्या वाघिणीपासून झालेली त्याची पिल्लं पिवळीच निघाली. मग त्याच्याच लेकीशी, राधाशी, जोडी लावली आणि १९५८ मध्ये चार पांढरे बछडे जन्मले.

गंमत म्हणजे मोहन सापडण्याच्या वर्षभर आधीच, १९५० मध्ये, इंग्लंडच्या कॉर्नवॉलमध्ये कुरळ्या केसांचा बोका जन्मला होता: कॅलिबंकर. त्याची जोडी तर आईशीच लावली! त्यातून ‘कॉर्निश रेक्स’ ही मांजरांची जात आली. मोठे कान, सडपातळ अंग, लाटालाटांची मऊ लव. स्वभाव खेळकर, सतत माणसाच्या अंगाखांद्यावर.

दोन्हीकडे सुप्त जनुक, दोन्हीकडे घरातच सोयरीक. पांढऱ्या वाघांत मात्र त्या रंगासोबत अनेकदा तिरळेपणाही येतो.