'पाणी आला' आणि 'पाणी आले'

'पाणी आला की आले?' हा प्रश्न मराठीभाषकाला पडत नाही. तो मराठी शिकणाऱ्याला पडतो. परभणी जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. राज्यकारभाराची भाषा उर्दू, १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच. त्या काळी मराठी घरांतील मुले उर्दूचे व्याकरण शिकत. आज दखनी बोलणाऱ्या घरांतील मुले मराठीचे शिकतात. उर्दूत लिंगे दोन, मराठीत तीन. तिकडे 'पानी' पुल्लिंगी, इकडे 'पाणी' नपुंसकलिंगी.

असे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. मराठीची छापील व्याकरणे प्रथम परकीय शिकणाऱ्यांसाठीच तयार झाली. विल्यम कॅरी यांचे व्याकरण १८०५ साली सेरामपूरहून निघाले, ते इंग्रजीत होते. दादोबा पांडुरंगांचे मराठीतील व्याकरण त्यानंतर, १८३६ साली आले.

अडचण भाषेत नसते, दोन भाषांमधील अंतरात असते. स्पॅनिश शिकणारा इंग्रजीभाषक 'मे गुस्ता'पाशी अडतो, कारण तेथे आवडणारी व्यक्ती कर्ता नसून आवडलेली वस्तू कर्ता असते. 'मला आंबा आवडतो' म्हणणाऱ्या आमच्या विद्यार्थ्याला ही रचना घरचीच वाटेल.

म्हणून दखनी घरातला विद्यार्थी 'पाणी आला' लिहितो, तेव्हा नुसती लाल रेघ ओढून भागत नाही. त्या 'आला'मागे उर्दूचा नियम आहे. तो नियम आधी ओळखावा आणि मग मराठीचा सांगावा, असे आम्हांस वाटते. नपुंसकलिंग ही मराठीची विशेष ठेव आहे, हे मराठी घरांतल्या मुलांनाही त्या प्रश्नामुळेच कळते.