वाट सांगणारी पोथी

बारा ज्योतिर्लिंगांचं स्तोत्र ज्या घरात सकाळी म्हटलं जातं, त्या घरात देशदर्शनाची एक अगदी छोटी यादी तोंडपाठ असते. बारा नावं आणि प्रत्येक नावापुढे एखादी खूण: कुठे प्रांत, कुठे डोंगर, कुठे नदीचा काठ. नागेशापुढे खूण आहे दारुकावनाची. आता हे वन कोणतं? द्वारकेजवळचं नागेश्वर म्हणतं ते आमचं, उत्तराखंडातलं जागेश्वर म्हणतं आमचं, आणि हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथला विचाराल तर तिथे याबद्दल कुणाच्या मनात शंकाच नाही. हा वाद आजचा नाही आणि तो मिटावा असं मला वाटतही नाही. मला त्यात वेगळंच काही दिसतं. ज्यांनी ही यादी रचली त्यांना वाट सांगायची गरजच नव्हती. वाट ठाऊक असलेला माणूस सोबत असायचा, पुढच्या मुक्कामी दुसरा भेटायचा. त्या माणसाच्या डोक्यातलं कागदावर उतरायला लागलं तेव्हा मराठीत स्थळवर्णन सुरू झालं, आणि मुंबई-पुण्याच्या छापील माहितीपुस्तकांचा वंश तिथपर्यंत मागे नेता येतो.

मधला एक टप्पा माहात्म्यांचा. औंढ्याला आमर्दक क्षेत्र म्हणतात ते त्या परंपरेतून. माहात्म्य कशासाठी जायचं ते सांगतं: कोणत्या पर्वणीला कोणतं पुण्य, कोणत्या कुंडात स्नान केल्याने काय फळ. कुठून वळायचं ते सांगत नाही. यात्रेकरूच्या मनाला ते निघायला लावतं आणि पाय उपाध्यायाच्या हवाली करतं.

पायांसाठी लिहिलेला पहिला मराठी ग्रंथ महानुभावांचा आहे. चक्रधरस्वामी गेले, त्यांच्यामागे पंथ सांभाळणारे नागदेवाचार्यही गेले, आणि ज्यांनी स्वामींना या झाडाखाली बसलेलं, त्या देवळात झोपलेलं डोळ्यांनी पाहिलं होतं ती माणसं एकेक करून संपत चालली. म्हाइंभटांनी तेराव्या शतकाच्या अखेरीस लीळाचरित्रात आठवणी गोळा केल्या होत्या. पण आठवण वाचून जागा सापडत नाही. म्हणून चौदाव्या शतकात ‘स्थानपोथी’ तयार झाली. तिचं कर्तृत्व मुनी व्यास कोठी यांच्याकडे जातं, आणि आपल्या काळात ती वाचकांपर्यंत पोचली ती डॉ. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे.

ही पोथी हातात घेतली की तिचा कोरडेपणा आधी जाणवतो. तिच्यात भक्तीचा उमाळा नाही, अलंकार नाहीत. गावाच्या कोणत्या दिशेला देऊळ, त्याचं तोंड कुठे, त्याच्या कोणत्या अंगाला दुसरं देऊळ, दारं किती, चौक कुठे, चौकातून कोणत्या बाजूने गेलं की स्वामींची जागा लागते, असं ती सांगत जाते. जागांचे प्रकार पाडलेले आहेत. स्वामी बरेच दिवस राहिले ते अवस्थान, रात्र काढली ती वसती, नुसते बसले ते आसन, फिरले ते विहरण. देहधर्मासाठी गेले ती जागासुद्धा परिश्रयस्थान म्हणून नोंदलेली आहे आणि तीही नमस्कारायोग्य मानलेली आहे. ज्याला आपण पूज्य मानतो त्याच्या देहाचा प्रत्येक स्पर्श जमिनीवर शोधायचा, तर दिशा चुकून चालणार नाही. त्या कोरडेपणात केवढी माया आहे, हे उमगायला मला पोथी दोनदा वाचावी लागली.

यादवकाळातली कितीतरी देवळं नंतर पडली, काहींचे दगड घरांच्या भिंतींत गेले. ती उभी असताना त्यांची मांडणी कशी होती हे जाणून घ्यायला आज अभ्यासक स्थानपोथीकडे वळतात. भाविकांसाठी लिहिलेली वाट इतिहासाच्या कामी आली. मात्र मधली कित्येक शतकं ती फार कुणाला वाचता येत नव्हती, कारण महानुभावांनी आपल्या पोथ्या सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी त्या लिप्यांचा उलगडा झाला तेव्हा बाकीच्या महाराष्ट्राला कळलं की आपल्याकडे एवढं जुनं आणि एवढं काटेकोर स्थळवर्णन आहे. त्याच पंथात नारायण व्यास बहाळिये यांचं ‘ऋद्धिपूरवर्णन’ आणि रवळो व्यास यांचं ‘सह्याद्रिवर्णन’ ही काव्यं झाली. गाव आणि प्रदेश हा काव्याचा विषय होऊ शकतो, हे मराठीत ठरलं ते तिथे.

त्याच काळाच्या आसपास हिंगोली जिल्ह्यातून दुसरा धागा निघतो. कयाधू नदीकाठचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव म्हणून मानलं जातं. काही अभ्यासक पंढरपूरचा पक्ष घेतात, पण घराण्याचं मूळ नरसीचं, ही परंपरा पक्की आहे. नामदेवांच्या नावावर ‘तीर्थावळी’चे अभंग आहेत. ज्ञानदेवांबरोबर केलेल्या यात्रेचं ते वर्णन. ते सगळे त्यांचेच का, यावर मतभेद आहेत. तरी यात्रा सांगण्याची एक नवी रीत त्यातून रुजली. स्थानपोथी ‘कुठे’ सांगते, तीर्थावळी ‘कुणासोबत’ सांगते. वाटेत काय बोलणं झालं, कोण कुणावर रुसलं, देव मागे राहून कसा व्याकूळ झाला, हेच तिथे महत्त्वाचं. वारीला जाणाऱ्या माणसाला आजही पंढरपूरचा नकाशा सांगता येत नाही, दिंडीतल्या माणसांची नावं मात्र तो वाटेतल्या मुक्कामांसकट सांगतो.

औंढ्यात हे दोन्ही धागे एका देवळात भेटतात. परंपरा सांगते की नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर इथे भेटले, पिंडीवर पाय ठेवून पडलेले. आणि इथेच नामदेवांना कीर्तनासाठी देवळाच्या मागच्या बाजूला जायला लावलं, तेव्हा देऊळच फिरून त्यांच्याकडे तोंड करून उभं राहिलं. नेहमीसारखा नंदी समोर शोधायला गेलात तर तो सापडत नाही, तो मागे आहे. गावातला कुणीही माणूस नंदीची जागा दाखवून गोष्ट सुरू करतो. देऊळ फिरल्याची कथा शिखांच्या गुरुग्रंथसाहिबातही आहे. तिथे नामदेवांची एकसष्ट पदं आहेत आणि त्यांतल्या काही पदांत हा प्रसंग येतो, पण गावाचं नाव येत नाही. पंजाबात कथा राहिली आणि गाव गळून पडलं, औंढ्यात गावाने कथा नंदीला बांधून ठेवली.

देवळात शिरलात की पायथ्याकडे बघा. खालचा भाग काळ्या दगडाचा, यादवकालीन शैलीचा, कोरीव थरांनी भरलेला, आणि वरचा भाग नंतरचा, विटा-चुन्याचा. दोन काळ एकमेकांवर बसले आहेत आणि सांधा लपवलेला नाही. गाभारा जमिनीखाली. एका अरुंद तोंडातून अंग चोरून उतरावं लागतं, आणि आत गेल्यावर माणसाला ताठ उभं राहता येत नाही. हे आधी सांगणारं कुणीतरी हवंच. म्हाताऱ्या माणसांना, गुडघे धरलेल्यांना वरूनच हात जोडायला लावायचं की धीर देऊन उतरवायचं, हा निर्णय तिथले लोक दर श्रावणात हजारदा घेत असतील.

माहात्म्य यात्रेकरूचे पाय ज्यांच्या हवाली करतं, त्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांबद्दल थोडक्यात. नाशिक, पंढरपूर, काशीला गेलेला यजमान आपलं गाव आणि कूळ सांगतो आणि उपाध्याय चोपडीतून आजोबा-पणजोबांची सही काढून दाखवतो. इथे स्थळाची माहिती माणसाला मिळण्याऐवजी माणसाची माहिती स्थळापाशी जमा होते. आपण इथे पहिल्यांदा आलो नाही, घराणं आधीच येऊन गेलं आहे, हे कळणं परक्या शहरात केवढा आधार देतं!

आधाराची गरज का होती, ते हिंगोलीनेच दाखवलं. निजामाच्या, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी हिंगोलीला १८१९ पासून १९०३ पर्यंत होती. त्या छावणीत हरिसिंग नावाचा एक प्रतिष्ठित कापडव्यापारी राहायचा. इंग्रज लेखक मेडोज टेलरने ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या १८३९ च्या पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याची हकीकत दिली आहे. मुंबईहून कापड आणायचं म्हणून हरिसिंगाने कॅप्टन रेनॉल्ड्सकडून परवाना घेतला. हिंगोलीजवळच्या गावचा एक व्यापारी तेच कापड घेऊन वाटेवर आहे, हे त्याला ठाऊक होतं. त्याने त्या व्यापाऱ्याला, नोकरांना आणि गाडीवानांना ठार केलं, परवान्यावर माल छावणीत आणला आणि उघडपणे विकला. पकडल्यावर त्याने स्वतः कबूल केलं नसतं तर हे कुणाला कळलंही नसतं. छावणीच्या बाजारात, पहाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर माणसं मारली जात होती, असंही टेलर नोंदवतो. ज्या काळात सोबत्यावर विश्वास टाकायचा की नाही हे कळत नव्हतं, त्या काळात पुस्तकावर विश्वास टाकणं माणसाला जड गेलं नसणार. वाट माणसाकडून कागदाकडे सरकण्यामागे ही भीतीसुद्धा आहे, असं मी मानतो.

पुढची पायरी इंग्रजांची. लंडनच्या मरे प्रकाशनाची हिंदुस्थानावरची मार्गदर्शिका १८५९ मध्ये निघाली, तिच्या दोन भागांपैकी एक मुंबई इलाख्यासाठी होता. मुक्काम, मैल, बंगले, पाहण्यासारख्या इमारती यांची ती शिस्तीत लावलेली जंत्री. साहेबाला दुभाष्याशिवाय पुढच्या मुक्कामी पोचवणं, एवढं तिचं काम, आणि ते ती चोख करते.

त्याच्या चारच वर्षांनी, १८६३ मध्ये, गोविंद नारायण माडगावकर यांनी ‘मुंबईचे वर्णन’ छापलं. ते मुंबईचे मूळ रहिवासी नव्हते, लहानपणी गोव्यातून तिथे आले होते. मला तर वाटतं की शहराचं वर्णन त्यालाच नीट जमतं ज्याला ते एकदा अनोळखी वाटलेलं असतं. बेटं, किल्ला, तळी, बाजार, गलबतं, जाती आणि त्यांचे धंदे, शाळा, छापखाने सगळं त्यांनी एका मोठ्या पुस्तकात बसवलं. मरेच्या वाचकाला मुंबई पाहून पुढे जायचं होतं. माडगावकरांच्या वाचकाला तिथे नोकरी शोधायची, घर करायचं, फसायचं नाही. म्हणून त्यांची मुंबई माणसांनी भरलेली आहे. पाच वर्षांनी, १८६८ मध्ये, ना. वि. जोशी यांनी ‘पुणे शहराचे वर्णन’ लिहिलं, आणि पेशवाई जाऊन पन्नास वर्षं झालेल्या शहराच्या पेठा, वाडे, हौद, देवळं नोंदली गेली. स्थानपोथी लिहिणाऱ्यांची कळकळ इथे पुन्हा दिसते: पाहिलेली माणसं संपत आली आहेत, आत्ता लिहिलं नाही तर जागा राहील आणि तिचं सांगणं जाईल. तीर्थांसाठी गणेश सदाशिव लेले त्र्यंबककरांचा ‘तीर्थयात्राप्रबंध’ १८८५ चा. वाफेच्या गाडीने निघालेल्या मराठी यात्रेकरूच्या हातात आता मराठी पुस्तक होतं.

हिंगोलीच्या वाट्याला यातलं काय आलं? १९०८ च्या सुमाराच्या इम्पीरिअल गॅझेटिअरमधली एक छोटी नोंद: परभणी जिल्ह्यातलं गाव, कापसाची मोठी पेठ, पूर्वीची लष्करी छावणी. निजामी राजवट पुढेही चालू होती: सरकारी कागद उर्दूत, वरचं शिक्षण उर्दूत. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट संपली आणि ते बदललं, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, आणि १ मे १९९९ रोजी परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा निघाला. वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा आणि हिंगोली असे पाच तालुके. जिल्हा नवा म्हणून त्याच्या माहितीपत्रकांत औंढा, नरसी, सिद्धेश्वर धरण अशी आठ-दहा नावं एका पानात बसतात आणि त्यापुढे कुणी जात नाही. फोनवरचा नकाशा देवळाच्या दाराशी बरोबर आणून सोडतो. नंदी मागे का आहे, ते मात्र तिथे उभ्या असलेल्या माणसालाच विचारावं लागतं.

या जिल्ह्याला माडगावकरांच्या जातीचं पुस्तक हवं आहे, आणि ते इथल्याच कुणीतरी लिहायला हवं. त्यात औंढ्याच्या देवळाइतकीच वसमतच्या हळदीच्या बाजाराला पानं द्यावी लागतील. हळद काढणं, कुकरमध्ये शिजवणं, वाळवणं, पॉलिश करून सौद्याला आणणं हे इथल्या कितीतरी घरांचं वर्ष आहे, आणि लिलावाच्या वेळी शेतकरी काय बघतो, व्यापारी हळकुंड मोडून आत कोणता रंग शोधतो, हे कुठल्याच पर्यटन पत्रकात येत नाही. छावणीच्या खुणा गावात कुठे राहिल्या तेही यावं. हिंगोलीचा दसरा यावा, ज्यासाठी आसपासच्या जिल्ह्यांतून माणसं येतात.

आणि ते पुस्तक एका मराठीत भागणार नाही. नांदेडच्या हजूर साहिबला येणारे पंजाबी यात्रेकरू नामदेवांमुळे नरसीला येतात, तिथे गुरुद्वाराही आहे. पंजाबातल्या घुमाणला नामदेवांचं स्थान आहे हे त्यांना ठाऊक असतं, आपल्याकडच्या पुष्कळांना ते साहित्य संमेलन घुमाणला भरलं तेव्हा, २०१५ मध्ये कळलं. देऊळ फिरल्याची कथा हे यात्रेकरू लहानपणापासून ऐकत आलेले आहेत. नरसीहून औंढा जवळच आहे, आणि नंदीच्या जागेपाशी गुरुमुखीत लिहिलेली एक पाटी उभी करायला फार खर्च येणार नाही.