सुखाची पुस्तके आणि दोन बंदिवान

सुखी कसे व्हावे आणि नोकरीत वर कसे चढावे, हे शिकविणारी पुस्तके मी विसाव्या वर्षी अधाशासारखी वाचली. मॅट्रिक होऊन मास्तरकी पत्करलेल्या पोराला त्यांचा मोठा आधार वाटे. परवा, चाळिशी उलटल्यावर, कपाट आवरताना तीच पुन्हा हाती आली. मी केलेल्या खुणा पाहून प्रथम हसू आले, मग राग. नेकीने खपावे म्हणजे वरची जागा चालत येते, याखाली मी दोनदा रेघ ओढली होती. जागा आली ती पदवीवाल्याकडे. नियमाला धरूनच आली. पण त्या नियमाचा पुस्तकात उल्लेख नव्हता!

या पुस्तकांचे मूळपुरुष सॅम्युएल स्माइल्स. 1859 साली त्यांचे ‘सेल्फ-हेल्प’ निघाले तेव्हा ते शेहेचाळीस वर्षांचे होते आणि रेल्वे कंपनीत चिटणीस होते. म्हणजे सांगणारा माझ्या वयाचा, ऐकणारा माझ्या विद्यार्थ्यांच्या. सांगणाऱ्याच्या वयाला पोचलो की उपदेशापेक्षा त्याने काय गाळले तेच आधी दिसते.

मग 1828 पासून चालत आलेल्या आमच्या नगर वाचनालयातून ‘गीतारहस्य’ आणले. त्याचे पाचवे प्रकरण ‘सुखदुःखविवेक’. हा ग्रंथ धार्मिक मंडळींकडे सोपवून आपण मोकळे होतो, पण सुखावर इतके रोखठोक मराठीत मी दुसरे वाचलेले नाही. आणि तो लिहिला गेला तो योग पाहा. 1885 साली इंग्रजांनी मंडालेच्या थिबा राजास पदच्युत केले आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवले. 1908 साली सहा वर्षांची शिक्षा देऊन टिळकांना, म्हणजे 1856 साली याच रत्नागिरीत जन्मलेल्या माणसाला, नेले ते मंडालेस. 1910 च्या सुमारास इथे थिबासाठी राजवाडा उभा राहिला. 1910-11 च्या हिवाळ्यात तिथे टिळक पेन्सिलीने सुखाचा विचार लिहीत होते. थिबाला सगळे होते, फक्त काम नव्हते. तीस वर्षे समुद्राकडे पाहून 1916 साली तो इथेच वारला.

यावरून तुरुंगात सुख असते असे कोणी समजू नये. टिळकांना मधुमेह होता. 1912 साली पत्नी गेल्याची वार्ता त्यांना तिथेच कळली. माझे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने. उपभोगाने वासना शमत नाही, हे ययातीचा दाखला देऊन ते सांगतात खरे. पण म्हणून असंतोष टाकून द्या, असे सांगत नाहीत. भरभराटीचे मूळ असंतोषात आहे हे महाभारतातील मत ते उचलून धरतात. मन मात्र ताब्यात हवे. (चिरोलसाहेबाने त्यांना हिंदी असंतोषाचा जनक ठरविले, तेही 1910 मध्येच.) माझ्या सुखाच्या पुस्तकांनी असंतोष हा दोष म्हणून शिकविला होता. वीस वर्षे मी त्याची लाज बाळगली.

गेल्या आठवड्यात एक जुना विद्यार्थी मुंबईस नोकरीला निघाला. पाया पडून म्हणाला, “गुरुजी, वाचायला काहीतरी द्या.” कपाटातले एकही पुस्तक देववेना, आणि ‘गीतारहस्य’ तर वाचनालयाचे. मी विचारले, “पदवी बाहेरून देता येते का, चौकशी केलीस?” त्याने केली नव्हती. मग आम्ही दोघे अर्जाचा कागद शोधत बसलो.