नक्षलवाद्यांशी लढायला लष्कर का नाही?

१३ नोव्हेंबर २०२१ ला गडचिरोलीतल्या मर्दिनटोलाच्या जंगलात २६ माओवादी मारले गेले. त्यातला मोठा नेता मिलिंद तेलतुंबडे, मूळचा वणी तालुक्यातल्या राजूरचा. ही कारवाई लष्कराची नव्हती, ती गडचिरोली पोलिसांच्या सी-६० पथकाची होती.

कायदा आणि सुव्यवस्था हा राज्याचा विषय, त्यामुळे लढाई पोलिसांची आणि मदतीला सीआरपीएफ, हे झालं कागदावरचं कारण. खरी गोष्ट जंगलात कळते. माडिया, गोंडी न येणारा जवान गावात विचारणार काय? आणि ज्याला माहीत आहे तोही गप्प, कारण खबऱ्या ठरला की जीव जातो. म्हणून १९९० मध्ये जिल्ह्यातलेच तरुण घेऊन सी-६० उभं राहिलं. नक्षलवाद्यांची भरतीही याच भागातल्या गावांतून व्हायची, त्यामुळे दोन्हीकडे बंदूक स्थानिक पोरांच्याच हातात.

रस्ता ही वेगळीच डोकेदुखी. खाली भूसुरुंग असू शकतो, म्हणून अशा भागात गाडीपेक्षा पायी जाणं बरं. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात नक्षलवाद्यांनी आधी रस्त्याच्या कामावरची वाहनं जाळली. ते ऐकून पोलीस खासगी गाडीतून निघाले आणि जांभुळखेड्याजवळ स्फोट झाला. १५ पोलीस आणि चालक गेले.

शिवाय पलीकडे छत्तीसगड. हद्द पोलिसांना असते, पळणाऱ्याला नसते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मात्र मल्लोजुला वेणुगोपाल राव उर्फ भूपतीने ६० साथीदारांसह गडचिरोलीतच शस्त्रं खाली ठेवली.