घरच्या अभ्यासाची पंधरा मिनिटे

धर्माबाद : तेलंगणाच्या सीमेला खेटून असलेले नांदेड जिल्ह्यातील धर्माबाद हे गाव लाल मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. येथून जवळच, सीमेपलीकडे गोदावरीच्या काठी बासर येथे ज्ञान सरस्वतीचे मंदिर आहे. मुलाला पहिले अक्षर गिरवायला लावण्यासाठी, म्हणजे ‘अक्षराभ्यासा’साठी, दोन्ही राज्यांतील पालक तेथे जातात. हात धरून अक्षर काढून घेण्याचा हा विधी काही मिनिटांत आटोपतो. पुढचे काम शाळेचे, असे आजवर गृहीत धरले जात होते. मार्च २०२० मध्ये कोरोनाच्या साथीमुळे शाळांना कुलूप लागले आणि पहिली-दुसरीच्या मुलांचा हात धरायचा कोणी, हा प्रश्न प्रत्येक घरापुढे उभा राहिला.

त्या काळात ‘ऑनलाइन शिक्षण’ हा शब्द सर्वतोमुखी झाला. तथापि, सहा-सात वर्षांच्या मुलांच्या बाबतीत तो शब्द पुरेसा नव्हता. या वयाच्या मुलाला घरी शिकवणे म्हणजे पडद्यासमोर बसवणे नव्हे. रोज थोडा वेळ, एखादी कृती आणि शेजारी बसलेले मोठे माणूस, या तीन गोष्टींवर ते अवलंबून असते. साथ ओसरली तरी या अनुभवाचे मोल कमी झालेले नाही.

शाळा किती काळ बंद होत्या?

राज्यातील शाळा मार्च २०२०च्या मध्यापासून टप्प्याटप्प्याने बंद झाल्या. नववी ते बारावीचे वर्ग २३ नोव्हेंबर २०२० पासून, तर पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून सुरू करण्यास परवानगी मिळाली. दुसऱ्या लाटेत तेही पुन्हा बंद पडले. एप्रिल २०२१ मध्ये पहिली ते आठवीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेविना वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय जाहीर झाला. सर्वांत धाकट्या मुलांचा क्रमांक शेवटी लागला. ग्रामीण भागात पहिली ते चौथी आणि शहरी भागात पहिली ते सातवीचे वर्ग सुरू करण्यास १ डिसेंबर २०२१ पासून मुभा देण्यात आली. जानेवारी २०२२ मध्ये शाळा पुन्हा बंद होऊन २४ जानेवारीपासून स्थानिक परिस्थितीनुसार उघडल्या.

याचा अर्थ असा, की जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले मूल प्रत्यक्ष वर्गात बसले ते दुसरीचे अर्धे वर्ष उलटल्यावर. अक्षरओळख, बाराखडी, शंभरपर्यंतचे अंक, दशक-एकक ही सारी पायाभरणी ज्या दीड वर्षात व्हायची, तोच काळ त्याने घरी काढला. हीच मुले २०२५-२६ या शैक्षणिक वर्षात सहावीच्या वयाची झाली. त्यांच्या वाचनात आज अडखळणे दिसत असेल, तर त्याचे मूळ शोधताना हा काळ विसरून चालणार नाही.

नियम काय सांगत होते?

राज्य शासनाच्या १५ जून २०२० च्या पहिल्या वेळापत्रकात दुसरीपर्यंतच्या मुलांना ऑनलाइन वर्गातून वगळण्यात आले होते. दूरचित्रवाणी व आकाशवाणीवरील कार्यक्रमांचा उपयोग करावा, अशी अपेक्षा होती. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने १४ जुलै २०२० रोजी ‘प्रज्ञाता’ ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यानंतर २२ जुलै २०२० रोजी राज्याने सुधारित वेळा ठरवल्या. पहिली व दुसरीसाठी दिवसाला प्रत्येकी ३० मिनिटांची दोन सत्रे, तर तिसरी ते आठवीसाठी प्रत्येकी ४५ मिनिटांची दोन सत्रे, असे त्यांचे स्वरूप होते.

या नियमातील एक बाब फारशी चर्चेत आली नाही. पहिली-दुसरीच्या सत्रातील १५ मिनिटे पालकांशी संवाद व मार्गदर्शनासाठी आणि उरलेली १५ मिनिटे मुलांच्या कृतीसाठी राखून ठेवली होती. निम्मा तास पालकांचा होता! धाकट्या मुलांचे दूरशिक्षण हे प्रथम पालकांचे शिक्षण असते, हे शासनाने कागदावर मान्य केले होते. प्रश्न होता तो या पंधरा मिनिटांसाठी घरात मोकळे माणूस असण्याचा.

मोबाईलपासून भिंतीपर्यंत

महाराष्ट्र राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने एप्रिल २०२० मध्ये ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला सुरू केली. प्रत्येक इयत्तेचे दिवसाचे काम व्हॉट्सअॅपच्या गटांतून शिक्षकांकडे आणि तेथून पालकांकडे जात असे. त्यातील दुवे ‘दीक्षा’ या अॅपवरील साहित्याकडे नेत. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांतील क्यूआर कोडही याच साहित्याला जोडलेले होते.

सह्याद्री वाहिनीवर २० जुलै ते २६ सप्टेंबर २०२० या काळात ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवण्यात आली. एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनच्या या मालिकेत पहिली ते आठवीच्या प्रत्येक इयत्तेसाठी ६० याप्रमाणे एकूण ४८० भाग होते. शिक्षकाने फळ्यासमोर उभे राहून धडा सांगण्याऐवजी घरातील व परिसरातील वस्तू घेऊन मुलांनी स्वतः करून पाहावे, अशी तिची रचना होती. नागपूर आकाशवाणीवरून ‘प्रथम’ या संस्थेच्या सहभागाने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम प्रसारित झाला. पालघर जिल्ह्याच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ भरली. सोलापूरच्या नीलमनगरात यंत्रमाग कामगारांच्या वस्तीतील घरांच्या भिंतींवर शिक्षकांनी धडे रंगवून घेतले.

एवढे मार्ग शोधावे लागले, कारण मोबाईल सर्वांच्या हाती नव्हता. ‘असर’ या देशव्यापी पाहणीनुसार शाळेत नाव असलेल्या ग्रामीण मुलांपैकी २०१८ मध्ये ३६.५ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेले. पण घरात फोन असूनही तो वापरायला न मिळणाऱ्या मुलांचे प्रमाण त्याच पाहणीत २६.१ टक्के आढळले. याचे एक कारण उघड आहे. घरात एकच फोन असेल तर तो कमावत्या माणसाबरोबर सकाळीच शेतावर, आडतीवर किंवा कामाच्या ठिकाणी जातो. तो परत येतो तेव्हा मूल पेंगुळलेले असते. मोठ्या भावंडांचा तास असेल तर धाकट्याचा क्रमांक त्यानंतर.

सीमेवरची भाषा आणि आकडे

धर्माबाद परिसरात आणखी एक पेच आहे. अनेक घरांत मराठीबरोबर तेलुगू किंवा उर्दू बोलली जाते. वर्गात शिक्षक आणि सवंगडी यांच्या संगतीने मूल मराठीत रुळते. घरी बसल्यावर ती संगत तुटते.

मात्र घरची भाषा ही अडचणच असते असे नाही. आकड्यांचेच पाहा. मराठीत ‘एकवीस’ म्हणताना एकक आधी येतो आणि दशक नंतर. लिहिताना मात्र २ आधी आणि १ नंतर. यामुळे लहान मुले पुष्कळदा २१ ऐवजी १२ लिहितात. तेलुगूत २१ ला ‘इरवै ओकटि’ म्हणजे ‘वीस एक’ म्हणतात. म्हणण्याचा आणि लिहिण्याचा क्रम तेथे एकच असतो. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’ ही पद्धत पारंपरिक वाचनाच्या जोडीला दिली, तेव्हा राज्यभर वाद झाला. गणित विषय समितीच्या अध्यक्षा मंगला नारळीकर यांनी मुलांना जोडाक्षरांचा व उलट क्रमाचा त्रास होऊ नये, या हेतूने हा बदल केल्याचे स्पष्ट केले होते. तेलुगू बोलणाऱ्या आजीने नातवाला आपल्या भाषेत आकडे मोजून दाखवले, तर ते अभ्यासाच्या आड येत नाही. उलट दशक-एकक समजायला हातभारच लागतो. गोष्टीचेही तसेच. घरच्या भाषेत ऐकलेली गोष्ट मुलाने मराठीत सांगितली, की भाषेचा एक पाठ पुरा होतो.

आठवडाभराच्या कृती

शाळा कोणत्याही कारणाने बंद असो, पहिली ते तिसरीच्या मुलासाठी रोज पंधरा-वीस मिनिटांची एकच कृती पुरेशी ठरते. तिला फोन लागत नाही, विकतचे साहित्य लागत नाही. उदाहरणादाखल एका आठवड्याची मांडणी अशी करता येईल.

सोमवार, वाचन : भिंतीवरील दिनदर्शिका, किराण्याच्या पिशव्या, एसटीची पाटी, वर्तमानपत्राचा मथळा यांतून ओळखीची पाच अक्षरे शोधणे. मग त्या अक्षरांपासून घरातल्या वस्तूंची नावे सांगणे.

मंगळवार, मोजणी : चिंचोके किंवा काड्या घेऊन दहा-दहाचे गठ्ठे बांधणे. तीन गठ्ठे आणि चार सुट्या काड्या म्हणजे किती, हे आधी बोलून व मग पाटीवर लिहून दाखवणे.

बुधवार, गोष्ट : घरातील वडीलधाऱ्यांनी एक गोष्ट सांगावी. मुलाने ती आपल्या शब्दांत परत सांगावी आणि शेवट बदलून पाहावा.

गुरुवार, मोजमाप : घागरीत किती तांबे पाणी मावते, दारापासून चुलीपर्यंत किती पावले होतात, खाटेची लांबी किती वीत. आधी अंदाज सांगायचा, मग मोजायचे.

शुक्रवार, परिसर : पाच झाडांची पाने गोळा करून आकारानुसार लावणे. ज्वारी, तूर, हरभरा यांचे मिसळलेले दाणे वेगळे करून त्यांची नावे सांगणे.

शनिवार, लेखन : आठवड्यात पाहिलेल्या एका गोष्टीचे चित्र काढून खाली दोन शब्द किंवा एक वाक्य लिहिणे. ते पान फाईलमध्ये किंवा वहीत जपून ठेवणे.

यातील एकाही कृतीसाठी पालकाने शिकलेले असणे अट नाही. चिंचोके मोजलेले बरोबर की चूक, हे निरक्षर आजीलाही कळते. आईला वाचता येत नसेल तर तिने ऐकावे. मुलाला वाचून दाखवायला कोणी तरी लागते, एवढेच. मुलाची चूक झाल्यास रागावून दुरुस्त करण्यापेक्षा ‘पुन्हा मोजून बघ’ म्हणणे अधिक उपयोगी पडते. वेळही ठरलेली हवी. कापूस वेचणीच्या किंवा सोयाबीन काढणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसते. अशा वेळी संध्याकाळी स्वयंपाक चालू असताना चुलीपाशीच अभ्यास घेणे सोयीचे.

शिक्षकाची जागा

याचा अर्थ शिक्षकाचे काम संपले असा नाही. कृती घरात होत असली तरी ती ठरवायची शिक्षकाने. मूल कुठे अडले, हे पाहून दुसऱ्या दिवशीची कृती सोपी किंवा अवघड करणे हे पालकाला जमत नाही. त्यासाठी आठवड्यातून एकदा तरी शिक्षकाने मुलाचे वाचन प्रत्यक्ष ऐकणे आवश्यक असते. साधा फोनही त्यासाठी चालतो. व्हॉट्सअॅपवर वहीच्या पानाचे छायाचित्र मागवले, तर ते पान मुलाने लिहिले की ताईने, हे कळायला मार्ग नसतो. दोन मिनिटे आवाज ऐकला की सारे कळते. रोज नवा दुवा पाठवला म्हणजे रोज शिक्षण झाले, ही समजूत टाळेबंदीच्या काळात महागात पडली.

नुकसान किती, भरपाई किती?

‘असर’च्या २०२२ च्या पाहणीने नुकसानीचा अंदाज दिला. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी तिसरीतील मुले देशात २०१८ मध्ये २७.३ टक्के होती. २०२२ मध्ये ती २०.५ टक्क्यांवर आली. सीमेपलीकडच्या तेलंगणात हे प्रमाण १८.१ वरून ५.२ टक्क्यांवर घसरले. तेथे १ सप्टेंबर २०२० पासून दूरचित्रवाणीवर धडे सुरू झाले होते, पण ते तिसरीपासून पुढच्या वर्गांसाठी होते. २०२४ च्या पाहणीत देशातील प्रमाण पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. नव्याने शाळेत आलेल्या मुलांनी गाडी रुळावर आणली, ही समाधानाची बाब आहे. पण ही मुले वेगळी आहेत. ज्यांची पहिली-दुसरी घरी गेली, ती मुले या सरासरीत मोजली गेलेली नाहीत. ती पुढच्या वर्गांत निघून गेली आहेत.

केंद्र शासनाने ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला वाचन व अंकगणित यावे, असे उद्दिष्ट ठेवले. राज्यात एप्रिल २०२२ मध्ये ‘पहिले पाऊल’ हे शाळापूर्व तयारी अभियान राबवण्यात आले आणि त्यात मातांच्या गटांवर भर देण्यात आला. टाळेबंदीत उमगलेली गोष्ट या निमित्ताने नियमित कामकाजात आली.

शाळेला कुलूप लागण्यासाठी साथच यावी लागते, असेही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्यात अतिवृष्टीने गावे पाण्याखाली गेली. दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातील अनेक कुटुंबे मुलांसह ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्यात परततात. या मुलांची शाळा दरवर्षी काही महिने दूरच असते आणि त्यांच्यासाठी कोणतीही मालिका प्रसारित होत नाही. त्यांच्या सामानात पाठ्यपुस्तकाबरोबर आठवड्याच्या कृतींचा एक कागद आणि शिक्षकाचा दूरध्वनी क्रमांक गेला, तर फडावरच्या कोपीतही संध्याकाळची पंधरा मिनिटे अभ्यासाची होऊ शकतात.